हातगुणाची मोजदाद

दोन वर्षांपूर्वीं आमच्या आत्याबाईंच्या पित्ताशयावर शस्त्रक्रिया झाली. शहरांतील मोठें इस्पितळ, नांवाजलेले शस्त्रवैद्य, स्वच्छ खोली, हंसतमुख परिचारिका. कोठें म्हणून नांव ठेवण्यास जागा नव्हती. पांचव्या दिवशीं आत्याबाई घरीं आल्या. वडील मंडळींनीं देवापुढें साखर ठेवली आणि "हातगुण असावा तर असा!" असें म्हणत जो तो आपापल्या कामाला लागला. महिन्याभरानें दुखणें पुन्हां सुरू झालें. प्रथम अपचन म्हणून, मग वात म्हणून, मग वय झालें म्हणून त्याकडे दुर्लक्ष झालें. पांचव्या महिन्यांत डोळे पिवळे दिसूं लागले, तेव्हां आत्याबाई परगांवीं धाकट्या चिरंजीवांकडे होत्या. तेथील इस्पितळांत पित्तनलिकेंत अडकून राहिलेला एक खडा निघाला, आणि त्यानंतर त्या खऱ्या अर्थानें बऱ्या झाल्या.

पुढें विम्याच्या कामासाठीं पहिल्या इस्पितळांतून जुने कागद आणण्याचा प्रसंग आला. त्यांच्या शेवटच्या ओळींत लिहिलेलें होतें, 'प्रकृति समाधानकारक, घरीं पाठविलें.' आम्हीं तेथील कारकुनास सहज म्हटलें, "पुढें त्यांना फार त्रास झाला हो." तो गृहस्थ सौजन्यानेंच म्हणाला, "आमच्याकडे त्या दिवसापर्यंतचंच असतं. पुढचं आम्हांला कसं कळणार?" त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. आत्याबाई पांच महिने तळमळल्या, पिवळ्या पडल्या, पुन्हां इस्पितळांत गेल्या. परंतु त्या दफ्तरांत त्या आजहि बऱ्याच आहेत.

घरीं येऊन ही हकीगत सांगितली तेव्हां आत्याबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, पण त्या डॉक्टरांना तुम्ही कोणी कळवलंत का?"

घरांत सोळा माणसें. कोणींहि कळविलें नव्हतें.

पित्तनलिकेंत एखादा खडा राहून जाणें ही शस्त्रवैद्यकांतील अगदीं अपूर्व गोष्ट नव्हे, आणि त्या शस्त्रवैद्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. पण आपल्या हातून काय घडलें हें ज्यांना सर्वांत आधीं कळावयास हवें होतें, त्यांनाच तें कळलें नाहीं, ही गोष्ट आमच्या मनांतून जाईना. वैद्यावरील विश्वास आपण हातगुण या एका शब्दांत सांगतों. हा हातगुण आपण ठरवितों कशावरून? जे बरे होऊन पेढे घेऊन जातात त्यांच्यावरून. जे बरे होत नाहींत ते मुकाट्यानें दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, आणि जे दगावतात त्यांच्या घरचीं माणसें तेथें पुन्हां पाऊल टाकीत नाहींत.

हाच प्रश्न वैद्यकाच्या इतिहासांत एका शस्त्रवैद्यानें आयुष्यभर लावून धरला. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १८६९ सालीं जन्मलेले अर्नेस्ट अमोरी कॉडमन हे ते गृहस्थ. घराणें सुखवस्तु, शिक्षण हार्वर्डचें, शिकारीचा व मासे धरण्याचा शौक. विद्यार्थीदशेंत त्यांचे स्नेही हार्वे कुशिंग यांच्या हातून ईथरची भूल देत असतां एक रोगी दगावला. हेच कुशिंग पुढें मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य आचार्य म्हणून जगप्रसिद्ध झाले. त्या काळीं भूल देण्याचें काम विद्यार्थ्यांवरच सोंपविलेलें असे. दोघा मित्रांनीं पैज मारली कीं, ज्याच्या ईथरनें रोग्यांस कमी त्रास होईल त्याला दुसऱ्यानें जेवण द्यावें. पैजेचा निकाल लावावयाचा तर नोंद हवी. म्हणून १८९४ च्या सुमारास ते भूल चालू असतां नाडी व श्वास यांचे तक्ते लिहूं लागले. आज शस्त्रक्रियेच्या वेळीं भूलतज्ज्ञ जो तक्ता ठेवतात, त्याचा आरंभ असा एका जेवणाच्या पैजेंतून झालेला आहे.

पुढें बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत शस्त्रवैद्य झाल्यावर कॉडमन यांनीं तोच विचार वाढविला. प्रत्येक रोग्यामागें एक कार्ड ठेवावें. त्याला काय होत होतें, आपण काय निदान केलें, कोणता उपाय योजला, काय उपद्रव झाले हें त्यावर लिहावें. आणि वर्षानें त्या रोग्यास शोधून काढून, तो आतां कसा आहे हें त्याच कार्डावर नोंदवावें. बरा नसेल तर कां नाहीं? रोगच दुर्धर होता, कीं निदान चुकलें, कीं हात चुकला, कीं साधनें अपुरीं पडलीं? ह्या पद्धतीला त्यांनीं 'अंतिम फलाची कल्पना' अशा अर्थाचें नांव दिलें होतें. आमच्या घरांतील कोणीहि गृहिणी पापडाच्या पिठांत क्षाराचें प्रमाण चुकलें तर पुढच्या वर्षासाठीं लक्षांत ठेवते. त्याहून ह्यांत अधिक गहन असें कांहींच नाहीं. पण इस्पितळांना ती कल्पना रुचली नाहीं.

कॉडमन यांचें पुढचें पाऊल अधिकच अडचणीचें होतें. त्या इस्पितळांत बढती वयाच्या ज्येष्ठतेनें मिळत असे. १९१४ सालीं त्यांनीं ह्या रीतीच्या निषेधार्थ राजीनामा दिला, आणि लागलीच मुख्य शस्त्रवैद्याच्या जागेसाठीं अर्ज केला. कारण दिलें तें असें कीं, आपल्या शस्त्रक्रियांचीं फळें इतरांपेक्षां चांगलीं आहेत. नसतील तर इतरांनीं आपलीं दाखवावीं! अर्ज कोणीं विचारांत घेतला नाहीं हें सांगावयास नकोच. त्यापूर्वींच, १९११ सालीं, त्यांनीं स्वतःचें एक लहानसें इस्पितळ काढलें होतें. तेथून १९१६ पर्यंतच्या पांच वर्षांत ३३७ रोगी घरीं गेले, आणि त्यांच्या बाबतींत आपल्या १२३ चुका झाल्या, असें त्यांनीं स्वतः छापून प्रसिद्ध केलें. चुकांचें वर्गीकरण केलें, रोगी दगावले तीं प्रकरणेंहि झांकलीं नाहींत, आणि तो अहवाल देशांतील इतर इस्पितळांकडे पाठवून, तुम्हींहि असेंच करा, असें आव्हान दिलें. आपल्याकडील किंवा कोठल्याहि देशांतील किती रुग्णालयें आजहि असा अहवाल छापतील, याचा वाचकांनींच विचार करावा.

स्वभावानें मात्र ते सोशीक नव्हते. ६ जानेवारी १९१५ रोजीं बोस्टनच्या डॉक्टरांच्या एका सभेंत, शहराचे नगराध्यक्ष हजर असतांना, त्यांनीं एक भलें मोठें व्यंगचित्र उघडें केलें. वाळूंत डोकें खुपसून बसलेला एक शहामृग म्हणजे बोस्टनचे श्रीमंत लोक. तो मागच्या बाजूनें सोन्याचीं अंडीं डॉक्टर प्राध्यापकांकडे ढकलतो आहे. आणि पलीकडे इस्पितळाचे विश्वस्त, खरें काय तें ह्याला कळलें तर हा अंडीं द्यावयाचा थांबेल काय, ह्या विवंचनेंत उभे आहेत. सभेंत गदारोळ झाला. वैद्यमंडळांतील अध्यक्षपद सोडावें लागलें, हार्वर्डमधील शिकविण्याची जागा गेली, स्नेही दुरावले, रोगी येईनासे झाले. सत्य सांगतांना कॉडमन यांनीं थोडा गोडवा ठेवला असता तर बरें झालें असतें असें आम्हांस वाटतें. परंतु गोडव्यानें त्यांनीं दहा वर्षें सांगून पाहिलें होतें हेंहि विसरतां येत नाहीं.

त्यांची कल्पना मात्र दुसऱ्या वाटेनें पुढें गेली. अमेरिकेंतील शस्त्रवैद्यांच्या महामंडळानें शंभर किंवा अधिक खाटांच्या ६९२ इस्पितळांची पाहणी केली. रोग्यांची नोंद नीट ठेवणें यासारख्या अगदीं किमान कसोट्यांना त्यांपैकीं केवळ ८९ उतरलीं. नापास झालेल्यांत देशांतील कित्येक बडीं इस्पितळें होतीं. १९१९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलांत हा निकाल आंकड्यांत सांगण्यांत आला. पण इस्पितळांच्या नांवांची यादी त्याच रात्रीं तेथील भट्टींत जाळून टाकण्यांत आली, ती वर्तमानपत्रांच्या हातीं पडूं नये म्हणून. कॉडमन यांनीं १९२० पासून हाडांच्या कर्करोगाच्या रोग्यांची देशव्यापी नोंदवही चालविली. १९४० सालीं ते वारले. बायकोच्या माहेरच्या स्मशानभूमींत त्यांना पुरलें. वर दगडहि नव्हता. तो शस्त्रवैद्यांच्या पुढच्या पिढीनें २०१४ सालीं बसविला.

आमचे एक स्नेही डॉक्टर आहेत. त्यांना हें सर्व सांगितलें तेव्हां ते हंसले. म्हणाले, "हिशेब ठेवणाऱ्यांना वाटतं कीं सगळे रोगी सारखेच. माझ्याकडे ऐंशी वर्षांचा मधुमेही येतो आणि शेजारच्याकडे तिशीतला पैलवान. मग माझ्या हातचे जास्त दगावले म्हणून मी वाईट?" हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढें जातां येत नाहीं. न्यूयॉर्क राज्यानें १९८९ पासून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेंतील मृत्यूंची नोंद सुरू केली, तेव्हां रोग्याचें वय, त्याच्या हृदयाची स्थिति, इतर रोग हें सारें हिशेबांत धरूनच तुलना करण्यांत आली. पुढील वर्षांत तेथील मृत्यूंचें प्रमाण उतरलें. पण शस्त्रवैद्यांचे आंकडे नांवानिशीं प्रसिद्ध होऊं लागतांच, अत्यवस्थ रोग्यास हात लावण्यास कांहीं डॉक्टर कचरूं लागले अशीहि तक्रार झाली. तेव्हां मोजण्याचें शास्त्र हें सुद्धां एक शास्त्र आहे, आणि वाईट रीतीनें मोजल्यास तें रोग्याच्याच अंगाशीं येतें. सारख्यांची तुलना सारख्यांशीं व्हावी, पुरेसा काळ जाऊं द्यावा, आणि जे परत आले नाहींत ते बरे झाले असें समजूं नये, एवढ्या तीन गोष्टी तरी सांभाळाव्याच लागतात. तिसरी आमच्या आत्याबाईंची.

पण मोजलेंच नाहीं तर काय होतें? याचें उत्तर लहान मुलांच्या घशांत सांपडतें. आमच्या पिढींतील अनेकांचे टॉन्सिल लहानपणीं काढलेले आहेत. आईसक्रीमच्या आमिषानें आपण इस्पितळांत कसे गेलों हें पुष्कळांना आठवत असेल. न्यूयॉर्कमध्यें १९३४ सालीं शाळेंतील अकरा वर्षांच्या एक हजार मुलांची तपासणी झाली. ६११ मुलांचे टॉन्सिल आधींच काढलेले होते. उरलेलीं ३८९ डॉक्टरांनीं तपासलीं आणि १७४ मुलांचे काढावे असा सल्ला दिला. निरोगी ठरलेलीं २१५ मुलें दुसऱ्या डॉक्टरांपुढें उभीं केलीं. त्यांनीं त्यांतील ९९ मुलांचे काढावे असें सांगितलें. राहिलेलीं ११६ पुन्हां तिसऱ्यांपुढें; त्यांनीं ५१ निवडलीं. शेवटीं हजारांत ६५ मुलें अशीं उरलीं कीं ज्यांच्या गळ्याला कोणीं सुरी सुचविली नव्हती, आणि तेथें प्रयोग थांबला तो डॉक्टर संपले म्हणून! प्रत्येक खेपेस जवळजवळ निम्मीं मुलें निवडलीं गेलीं. डॉक्टर टॉन्सिल पाहत नव्हते. निम्म्यांचे काढावयाचे असतात ही आपली संवय पाहत होते. त्याच सुमारास, १९३८ सालीं, इंग्लंडांत ग्लोव्हर नांवाच्या डॉक्टरांनीं दाखविलें कीं, शेजारशेजारच्या गांवांत ह्या शस्त्रक्रियेचें प्रमाण अनेक पटींनीं निरनिराळें आहे. हॉर्न्सी येथें शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलतांच ती संख्या एकदम दहाव्या हिश्श्याच्याहि खालीं आली, आणि मुलांच्या प्रकृतीस त्यामुळें कांहीं बाध आल्याचें दिसलें नाहीं. ह्या शस्त्रक्रियेंत एखादें मूल दगावतहि असे, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही केवळ विनोदाची गोष्ट राहत नाहीं.

याहून फसवा प्रकार म्हणजे उपाय चांगला चालल्याचें डोळ्यांनीं दिसणें. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयांत मधूनमधून जादा ठोके पडतात. ज्यांच्यांत ते अधिक, त्यांचा मृत्यूहि अधिक होतो, असें आढळून आलें होतें. मग ते ठोके थांबविणारीं औषधें निघालीं, आणि आलेखावर ते ठोके खरोखरच नाहींसे होत. अमेरिकेंत पुष्कळ रोग्यांना तीं दिलीं गेलीं. डॉक्टर समाधानी, रोगी समाधानी. तथापि शेवटचा प्रश्न कोणीं विचारला नव्हता: माणूस अधिक जगतो काय? तो विचारण्यासाठीं मोठी चांचणी झाली. एन्केनाइड व फ्लेकेनाइड ह्या दोन औषधांपैकीं एक घेणारे ७५५ रोगी, आणि तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या घेणारे ७४३; कोणाला काय द्यावयाचें हें चिठ्ठीनें ठरविलेलें. १९८९ सालीं हीं औषधें मध्येंच थांबवावीं लागलीं. १९९१ सालीं पुरा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यांत औषध घेणाऱ्यांपैकीं ६३ आणि न घेणाऱ्यांपैकीं २६ मरण पावलेले होते. ठोके सुधारले होते. माणसें गेलीं होतीं. एकेका रोग्याच्या उशाशीं बसलेल्या कुशल डॉक्टरालाहि हें कधीं दिसलें नसतें. हृदयरोगी गेला तर तो हृदयरोगानेंच गेला, असेंच कोणीहि म्हणेल.

ह्या मोजणीनें उपाय नाकारलेच जातात असें मात्र नाहीं. कित्येकदां तिनें माणसांना घरीं परत आणलें आहे. क्षयाचें नांव काढतांच घरांत काय होत असे, हें आमच्या वडील वाचकांस सांगावयास नको. ताटवाटी वेगळी, अंथरूण वेगळें, आणि ऐपत असेल तर मिरजेच्या किंवा दुसऱ्या कोठल्या आरोग्यभुवनांत महिनोन्महिने रवानगी. ऐपत नसेल तर माडीवरची खोली. औषधें निघालीं तरी विश्रांति, दूधअंडीं आणि मोकळी हवा यांशिवाय क्षय हटत नाहीं, अशी डॉक्टरांचीहि समजूत होती. १९५६ सालीं मद्रास येथें क्षयाच्या औषधोपचारासाठीं एक केंद्र निघालें, आणि तेथें १९३ गरीब रोग्यांची चिठ्ठीनें वांटणी झाली: अर्धे आरोग्यभुवनांत, उत्तम अन्न, शुश्रूषा आणि पूर्ण विश्रांति यांसह, अर्धे आपापल्या दाटीवाटीच्या घरीं, निकृष्ट अन्नावर. औषध मात्र दोघांना एकच. १९५९ सालीं वर्षाचा हिशेब प्रसिद्ध झाला तो असा कीं, घरीं राहिलेल्यांची सुधारणा आरोग्यभुवनांतील रोग्यांच्या जवळपास होती. आणि ज्या एका भीतीनें घरेंच्या घरें मोडलीं, त्या भीतीचाहि हिशेब त्यांनीं लावला. घरींच उपचार घेणाऱ्यांच्या मुलाबाळांना क्षयाची लागण, आरोग्यभुवनांत गेलेल्यांच्या मुलाबाळांपेक्षां अधिक झालेली आढळली नाहीं. लागण व्हावयाची ती बहुतेक औषध सुरू होण्यापूर्वींच होऊन गेलेली असे. औषधें नीट घेतलीं जाताहेत हें पाहणें महत्त्वाचें, माणूस दूर धाडणें नव्हे, हें मद्रासच्या त्या चाळींतून साऱ्या जगानें उचललें. आमच्या आजोळीं माडीवर एकट्यानें खोकत दोन वर्षें काढलेल्या एका मावशींची आम्हांला येथें आठवण होते. त्यांच्या वेळीं हीं औषधेंच नव्हतीं, हें खरें.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण याहून नवें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं 'सर्च' ही संस्था स्थापिली. तेथें त्यांनीं प्रथम केलें काय, तर मोजलें: कोणत्या गांवीं किती मुलें जन्मलीं, किती गेलीं, कितव्या दिवशीं. हजार जन्मांमागें सुमारें ६० अर्भकें पहिल्या महिन्यांतच दगावत होतीं. बहुतेकांचा जन्म घरीं, आणि मृत्यूहि घरीं. इस्पितळाच्या दफ्तरांत त्यांचें येणेंहि नाहीं आणि जाणेंहि नाहीं. मग ३९ गांवांत, गांवच्याच थोडें शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाची काळजी घेण्यास शिकविलें. बाळाला वजन करून पाहणें, ऊब देणें, श्वास घेत नसेल तर तो सुरू करणें, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणें, हें सर्व ह्या आरोग्यदूत करूं लागल्या. ४७ गांवें तुलनेसाठीं तशींच ठेवलीं, पण तेथीलहि प्रत्येक जन्म व मृत्यु टिपला जात होता. १९९५ ते १९९८ ह्या तीन वर्षांच्या अखेरीस आरोग्यदूतांच्या गांवांत हें प्रमाण हजारीं २५.५ वर आलें. तुलनेच्या गांवांत तें ५९.६ होतें. इंजेक्शनें खेड्यांतल्या बाईच्या हातीं द्यावयाचीं म्हणजे काय, असें म्हणणाऱ्यांना द्यावयास दुसरें कोणतेंहि उत्तर पुरलें नसतें. १९९९ सालीं 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकानें हा वृत्तांत छापला, आणि २०११ सालीं भारत सरकारनें आशा कार्यकर्त्यांच्या मार्फत नवजात बाळाची घरीं काळजी घेण्याची योजना देशभर सुरू केली.

तुलनेच्या गांवांचें काय, हा प्रश्न आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. परंतु त्या वेळीं हा उपाय लागू पडेल कीं घातक ठरेल हें कोणासहि ठाऊक नव्हतें. हृदयाच्या त्या गोळ्यांविषयींहि सर्वांची अशीच खात्री होती.

आत्याबाईंच्या त्या प्रश्नानंतर आम्हीं पहिल्या शस्त्रवैद्यांना पत्र लिहिलें. तक्रारीचा सूर येऊं नये म्हणून वहिनींनीं तें दोनदां लिहावयास लावलें. शस्त्रक्रियेची तारीख, दुखणें परत केव्हां सुरू झालें, कावीळ कोणत्या दिवशीं दिसली, खडा कोठें निघाला, एवढेंच त्यांत लिहिलें. वहिनी दिनदर्शिकेच्या मागें सर्व टिपून ठेवतात, म्हणून तारखा बिनचूक सांपडल्या. सुमारें तीन आठवड्यांनीं दुपारीं दूरध्वनि वाजला. डॉक्टर स्वतः बोलत होते. दुसऱ्या इस्पितळांतील तपासणीचे कागद पाहावयास मिळतील काय, असें त्यांनीं विचारलें, आणि मग म्हणाले, "आजींशी बोलता येईल का?"

आत्याबाईंनीं पाऊण तास त्यांना सर्व कांहीं सांगितलें.